निषिद्ध मालाचा किनारा

कोणता माल राजरोस आणि कोणता चोरटा, हे मालाच्या अंगच्या गुणदोषांपेक्षा ते ठरवणाऱ्या सत्तेच्या गरजेवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास वाचणाऱ्याच्या फार लवकर ध्यानात येते. उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतची ही पट्टी मुंबईच्या इतकी हाताशी आहे की मुंबईला हवी असलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू कधी ना कधी इथल्या खाड्यांमधून गेलेली आहे, आणि तिच्यावर कर किंवा बंदी घालणाऱ्यांची नजरही तितकीच जुनी आहे. सोळाव्या शतकात चौल-रेवदंड्याला बस्तान बसवलेल्या पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’, म्हणजे जहाजाने जवळ बाळगायचा परवाना, सक्तीचा केला आणि तो नसलेले गलबत जप्त करण्याचा हक्क परस्पर स्वतःकडे घेतला. अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावरून आपले ‘दस्तक’ देण्यास सुरुवात केली तेव्हा मात्र इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. ब्रिटिश अमदानीत खाडीकाठचे मीठ खरवडून घरी नेणाराही कायद्याच्या लेखी गुन्हेगारच होता. अमली पदार्थांच्या धोरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा एखाद्या सिनेनटाच्या अटकेपासून सुरू होते आणि तो जामिनावर सुटला की संपते. तीच चर्चा या किनाऱ्यावर उभे राहून केली, तर बंदी, यंत्रे आणि माणसे यांचे परस्परसंबंध बरेच निराळे दिसू लागतात.

या भूमीवरच्या नशेच्या धोरणाचा पहिला मोठा अध्याय माडीचा आणि मोहाचा आहे. अलिबाग-रेवदंड्याकडच्या वाड्यांमध्ये माडावर चढून, पोय बांधून, तिला रोज छेद देऊन पाझरणारा रस मडक्यात उतरवणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. पहाटेचा गोड रस म्हणजे नीरा, आणि तोच ऊन चढताना आंबला की माडी. डोंगराच्या अंगाला कातकरी आणि ठाकर वस्त्यांमध्ये उन्हाळ्याच्या तोंडी गळणारी मोहाची फुले गोळा करून वाळवली जात. ती खाण्यात येत आणि त्यांची दारूही गाळली जात. उरण हे तर मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्यांचे गाव होते, त्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि तिथली दारू मुंबईला जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा सगळा व्यवहार सरकारी चौकटीत कोंबला. अबकारी म्हणजे मादक पदार्थांचे उत्पादन आणि विक्री यांवरचा कर. तो नीट वसूल व्हावा म्हणून घरोघरची गाळणी बंद करून दारू ठरावीक भट्ट्यांतच गाळायची, ती ठरावीक मक्तेदारानेच विकायची, आणि रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसवायचा, अशी ही व्यवस्था होती. झाडपट्टी वाढत गेली तशी सौम्य माडी महाग होत गेली आणि भट्टीच्या कडक दारूला बाजार मोकळा झाला. दारू कमी प्यायली जावी हा या कायद्याचा हेतू नव्हताच, कराविना प्यायली जाऊ नये एवढाच होता, आणि त्या हेतूच्या मापाने तो पुरता यशस्वी झाला.

एवढ्यानेही भागेना, कारण मोहाचे झाड काही सरकारच्या परवान्याने फुलत नाही. तेव्हा १८९२ मध्ये मुंबई सरकारने खास ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि रानातले फूल साठवणे व त्याचा व्यापार करणे सरकारी परवानगीच्या कक्षेत आणले. ज्या माणसाच्या घरात पावसाळ्याच्या आधी धान्य संपते त्याच्या कणगीतली वाळकी फुले आता पुरावा ठरू शकत होती. या प्रसंगाचे महत्त्व ऐतिहासिक कुतूहलापुरते नाही. निषिद्ध पदार्थापर्यंत हात पोचत नाही तेव्हा त्याच्या कच्च्या मालावर, मग तो बाळगणाऱ्यावर, मग तो बाळगण्याचा नुसता संशय असणाऱ्यावर कायदा सरकत जातो, ही बंदीच्या कायद्यांची चाल इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते, आणि पुढच्या शंभर वर्षांत ती बदललेली नाही.

याच दशकात ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने (१८९३-९४) देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि असा निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सर्वसाधारण माणसाचे विशेष नुकसान होत नाही, संपूर्ण बंदी अनावश्यक आहे आणि कर व नियंत्रण हाच मार्ग बरा. एकीकडे आदिवासीच्या मोहावर निर्बंध आणि दुसरीकडे गांज्याविषयी इतका थंड डोक्याचा अहवाल, ही एकाच राजवटीची दोन रूपे आहेत. अहवालामागेही महसुलाची दृष्टी होती हे खरे, पण साक्षी आधी आणि मत नंतर हा त्याचा क्रम आजच्या चर्चेत जवळजवळ नाहीसा झाला आहे.

स्वातंत्र्यानंतर महसुलाची जागा नीतीने घेतली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. राज्यभर पूर्ण दारूबंदी १९५० पासून. या बंदीने मुंबईच्या गल्ल्यांत आणि भोवतालच्या खाड्यांच्या कांदळवनांत हातभट्टीचे जे राज्य उभे केले त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, त्यामुळे इथे त्यात शिरण्याचे कारण नाही. गंमत पुढची आहे. बंदी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली, परंतु कायदा रद्द झाला नाही. आज त्याचे नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे आहे, त्याच्याखाली दारू पिण्यासाठी आजही वैयक्तिक परवाना लागतो, आणि दारूबंदीचा हा कायदा राबवणाऱ्या खात्याकडूनच राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल जमा होतो. शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्यावर रो-रो बोटीतून उतरणाऱ्या गाड्यांमधील किती जणांच्या खिशात हा परवाना असतो, हा प्रश्न कोणताही पोलीस विचारत नाही, आणि विचारूही नये. पण जो कायदा अलिबागच्या बंगल्यात अस्तित्वात नसतो तो पेणच्या कातकरी वाडीवर धाड पडताना पूर्ण शब्दार्थाने अस्तित्वात असतो, ही विषमता नजरेआड करता येत नाही.

म्हणून बंदी हा शब्दच त्याज्य मानावा काय? तसे म्हणणे सोपे असले तरी अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना मतदान मागता येते, ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ या चिन्हांवर ते होते, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाली की दुकानाला टाळे लागते. ज्या बाईच्या नवऱ्याची दर्यावरची मजुरी घरी पोचण्याआधी दुकानात संपते तिला व्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देणे हा सुखवस्तू घरातला छंद आहे; ती मागत असते ते आपल्या घरापुरते संरक्षण. तिच्या दुःखाचा सरकार काय उपयोग करते, हा मात्र वेगळा प्रश्न. नव्या शतकाच्या आरंभी पनवेल-उरण पट्ट्यातल्या जमिनींना भाव आले, हाती आलेला पैसा पनवेल परिसरातल्या डान्सबारमध्ये उधळला जाऊ लागला, तरुण पोरे कर्जबाजारी होऊ लागली. पनवेलच्या तत्कालीन आमदारांनी ही तक्रार विधानसभेत मांडली, आणि २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राज्यभर डान्सबार बंद केले. तक्रार खरी होती. पण बंदीने जिची रोजी गेली ती नाचणारी बाई होती. जमीन विकून आलेल्या पैशाचे काय करावे हे न शिकवता मोबदला वाटून मोकळी होणारी व्यवस्था जिथल्या तिथे राहिली. ती बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. तिच्या आधीची आणि नंतरची पनवेलची कहाणी ताडून पाहिली, तर बंदी हा अनेकदा न केलेल्या कामाचा बदली कामगार असतो, असे म्हणावे लागते.

समुद्राकडे वळायचे तर सोन्याचा विषय टाळता येत नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात आखाती देशांतून येणारे सोने आणि पुढे चांदीही कोकणच्या ज्या किनाऱ्यांवर उतरे, त्यांत रायगडचा किनारा होता. मोठ्या नौकेवरून माल छोट्या होडीत घ्यायचा, अंधारात पुळणीवर म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर उतरवायचा, गाडीत घालून मुंबईला पाठवायचा. गावातल्या काहींना वाहतुकीची मजुरी, काहींना गप्प बसण्याचा मोबदला. हा धंदा बसला तो गस्तीने नव्हे. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, त्यानंतर आयात मोकळी होत गेली, आणि चोरून आणण्यातला नफाच आटला. बंदीविरुद्धच्या युक्तिवादाला याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण, आणि सुबक उदाहरणे संशयानेच पाहावीत. कारण सोने कोणाला झिंगवत नाही आणि कोणाचे यकृत खात नाही. त्यामुळे सोन्याचा धडा जसाच्या तसा अमली पदार्थांना लावता येणार नाही. त्यातून घ्यायचे ते इतकेच, की चोरट्या व्यापाराचे मूळ किनाऱ्यावर नसून किमतीत असते.

बंदीने एकदा वाट पाडली की त्या वाटेवरून पुढे काय येईल हे मात्र बंदी घालणाऱ्याच्या हातात राहत नाही. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे जी शस्त्रे आणि स्फोटके उतरली ती चांदी उतरवणाऱ्यांच्याच सरावाच्या वाटेने उतरली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी स्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस या दोन्ही खात्यांतले अधिकारी-कर्मचारी दोषी ठरले. शेखाडीला रडार नव्हते म्हणून आरडीएक्स उतरले असे म्हणता येत नाही. पाहणारी माणसे जागेवर होती, आणि त्यांच्या न पाहण्याची किंमत ठरलेली होती.

तरीही त्यानंतरच्या तीन दशकांत उत्तर शोधले गेले ते प्रामुख्याने यंत्रांत. नौदल आणि तटरक्षक दलाची संयुक्त गस्त १९९३ पासूनच सुरू झाली. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी रडारांची साखळी, सागरी पोलीस ठाणी, नौकांची ओळख आणि ठावठिकाणा आपोआप प्रसारित करणारी उपकरणे, आणि जानेवारी २०२५ पासून बेकायदा मासेमारी टिपण्यासाठी मत्स्य विभागाचे ड्रोन, अशी भर पडत गेली. यातील प्रत्येक साधन आपापल्या जागी उपयुक्त आहे. पण या किनाऱ्याने त्यांची दोन परीक्षाफळे पाहिलेली आहेत आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘लेडी हान’ नावाची एक विलासनौका तीन एके-४७ रायफली पोटात घेऊन, एकही माणूस नसताना, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागली. ओमानजवळ इंजिन बिघडल्यावर खलाशांची सुटका झाली होती आणि ती रिकामी होडी अरबी समुद्र ओलांडून निवांत वाहत आली होती. ती किनाऱ्यावरच्या लोकांच्या दृष्टीस पडली. उलट जुलै २०२५ मध्ये कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद परदेशी नौका असल्याचा इशारा यंत्रांनी दिला, भर पावसात पोलीस, तटरक्षक आणि नौदल यांची धावपळ झाली, आणि शेवटी ती नौका म्हणजे मच्छीमारी जाळ्याचा वाहत आलेला, संकेत देणारा बोया निघाला. खरी नौका यंत्रांना दिसली नाही आणि दिसली ती नौका नव्हती. यात यंत्रांची थट्टा करण्याचा हेतू नाही. संकेत देणाऱ्या वस्तूला यंत्र पाहते आणि संकेत न देणाऱ्या वस्तूविषयी ते मुके असते, ही त्याची घडणच आहे. जो चोर आहे तो आपले संकेतयंत्र बंद करतो, हे जगातल्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे.

न्हावा-शेवा बंदराचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून आज वीस फुटी पेट्यांच्या हिशेबाने वर्षाला लक्षावधी कंटेनर जातात. प्रत्येक उघडून पाहायचा म्हटले तर देशाचा व्यापार ठप्प होईल. म्हणून आयातदार कोण, माल कुठून आला, यापूर्वीचे वर्तन कसे, यांवरून संगणक जोखीम ठरवतो आणि थोड्याच पेट्या तपासणीला निघतात. ऑगस्ट २०२० मध्ये इथेच १९१ किलो हेरॉइन सापडले. ते ज्येष्ठमधाच्या नावाने आलेल्या मालात, बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये भरलेले होते. २०२१ च्या जुलैत आणखी सुमारे २९० किलो मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवरच हेरॉइनचा लेप दिलेला एक कंटेनर पकडला, आणि तो बंदराच्या आवारात वर्षाहून अधिक काळ पडून होता. खोकल्यावर चघळायची ती काडी वर्षभर सरकारी पहाऱ्यात विष धरून बसली होती, आणि तिचा पत्ता लागला तो दुसऱ्या आरोपींच्या जबानीतून, म्हणजे माणसाकडून. अमली पदार्थांच्या मोठ्या जप्त्यांची मुळे शोधू गेले तर बहुधा कुणाच्या तरी खबरीपाशीच पोचावे लागते. खबर विश्वासावर चालते. आणि विश्वास हा असा पदार्थ आहे की ज्याची निविदा काढता येत नाही.

या विश्वासाची कसोटी पाहणारा प्रसंग ऑगस्ट २०२३ मध्ये घडला. त्या महिन्यात आधी रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीच्या किनाऱ्यावर आणि मग श्रीवर्धनचे जीवना बंदर, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागात चरसाची पाकिटे वाहत येऊ लागली. चरस म्हणजे गांज्याच्या झाडाचा राळेसारखा चीक, वाळवून वड्या केलेला. पाकिटे साधारण किलोभर वजनाची, प्लास्टिकात घट्ट बांधलेली होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोल समुद्रातले जे तरंगते ते कोकणच्या पुळणीवर येऊन पडते. डांबराच्या गोळ्या, फाटकी जाळी, चपला, बाटल्या यांचा ढीग पावसाळाभर इथे लागतच असतो. पोलीस आणि कस्टम यांनी गावोगाव आवाहन केले की पाकीट दिसल्यास कळवा, आणि लोकांनी कळवलेही.

आता यातील एकच पाकीट घेऊन कायद्याच्या पुस्तकाशी ताडून पाहावे. १९८५ चा अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम शिक्षेचे माप पदार्थाच्या वजनावर ठरवतो. चरसाची ‘अल्प मात्रा’ शंभर ग्रॅमपर्यंत आणि ‘व्यापारी मात्रा’ एक किलोच्या पुढे. व्यापारी मात्रेची किमान शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड, कमाल वीस वर्षे. म्हणजे किलोहून जेमतेम काही ग्रॅम जास्त भरणारे एक पाकीट कोणी सुरूच्या बनात कुतूहलाने लपवून ठेवले, तर तो माणूस कायद्याच्या दृष्टीने कंटेनरभर माल मागवणाऱ्याच्याच वर्गात जाऊन बसतो. वस्तू ताब्यात सापडली की ती जाणूनबुजून बाळगली असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम ३५ सांगते. हे गृहीतक आरोपीला खोडून काढता येते, मात्र वाजवी संशयापलीकडे, म्हणजे एरवी फौजदारी खटल्यात जे ओझे सरकारवर असते ते इथे आरोपीच्या खांद्यावर येते. कलम ३७ प्रमाणे जामीन मिळण्यासाठी, आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री खटल्याआधीच पटवावी लागते. हे सगळे माहीत असलेला शहाणा माणूस पाकीट दिसल्यावर काय करील? पाहिलेच नाही असे दाखवून पाठ फिरवील. श्रीवर्धनच्या लोकांनी तसे केले नाही, आणि त्यामागे कायद्याची धास्ती नसून १९९३ ची आठवण असावी, हा तर्क निराधार वाटत नाही. ज्या तालुक्याच्या नावाला एकदा शेखाडीचा डाग लागला त्या तालुक्याने त्या वेळी सरकारपेक्षा जास्त जबाबदारी दाखवली. अशा माणसाला कायद्यानेच अभय द्यायला हवे: सापडलेली वस्तू ठरावीक मुदतीत स्वतःहून हवाली करणाऱ्यावर संशयाची पाटी चिकटणार नाही, असे स्पष्ट कलम.

हा कायदा सेवन करणाऱ्याकडे कसा पाहतो, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या करारात भारत सहभागी झाला आणि पारंपरिक सेवन थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत त्याने मिळवली. ती संपण्याआधी १९८५ चा कायदा झाला, त्यात पानांची भांग वाचली आणि त्याच झाडाचा फुलोरा गुन्हा ठरला. महाशिवरात्रीला ज्याचा प्रसाद होतो त्याच्या दोन बोटे वरचा भाग तुरुंगात नेतो, ही तडजोड शास्त्राची नसून राजकारणाची आहे, हे मान्य करण्यात संकोच नसावा. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांज्याला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले. देशातला कायदा मात्र जिथे होता तिथेच आहे. गांज्याची चिलीम ओढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हेरॉइन घेणाऱ्याला वर्षापर्यंत कैद सांगणारे कलम २७ आजही लागू आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाल्यास त्याला खटल्यातून वाचवणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे, पण ते ऐकून माहीत असलेला माणूस किनाऱ्यावरच्या गावात शोधून सापडणार नाही. शिक्षा कायद्याने ठरवून दिलेली, आणि उपचार केंद्रे उघडणे कलम ७१ नुसार सरकारच्या मर्जीवर, हा या कायद्याचा खरा स्वभाव आहे.

आकडे पाहिले तर हा स्वभाव किती महागात पडतो ते कळते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात. गांजा, चरस आणि भांग मिळून २.८ टक्के, अफू-हेरॉइनच्या जातीचे पदार्थ २.१ टक्क्यांच्या आसपास. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकाला कसलाही उपचार मिळाला होता, अवैध पदार्थांच्या बाबतीत वीसांपैकी एकाला. सर्वाधिक घरे बुडवणारा पदार्थ दुकानात मिळतो आणि त्याच्या दुप्पट-चौपट भीती दुसऱ्याच पदार्थांची बाळगली जाते. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभे केले, साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ चालवले. व्यसनाला आजार मानून, पोलिसी दंडुक्याशिवाय, घरच्यांना सोबत घेऊन काम करता येते हे या मंडळींनी मराठी मातीतच दाखवून दिले. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःच्या वापरापुरता पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही, सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी वैद्यकीय-सामाजिक मंडळापुढे उभे केले, व्यापाराला मात्र गुन्हाच मानले, आणि त्या देशाचे काही बुडाले नाही. एकेकाळी कार्ताझ देणाऱ्यांचाच हा देश. त्याचे अनुकरण आंधळेपणाने करावे असे नाही. तिथे मंडळाच्या मागे उपचारांची फळी उभी होती आणि आपल्याकडे ती उभी करायची आहे.

गांज्याबद्दल सैल असावे म्हणून सगळ्याच पदार्थांबद्दल सैल असावे, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळ ढेकू येथे एका कारखान्यावर छापा घातला; बाहेर विद्युत उपकरणांचे नाव होते आणि आत ‘एमडी’ तयार होत होते. एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली उत्तेजक भुकटी. जप्त मालाची किंमत शंभर कोटींच्या पुढे सांगितली गेली. या पदार्थाला ना अफगाणिस्तानातले शेत लागते, ना जहाज, ना अंधारी पुळण. त्याला लागते रसायनांची बाजारपेठ, पडीक गाळा, बीएस्सी झालेला आणि नोकरी न मिळालेला एखादा तरुण, आणि खिशातला मोबाइल, ज्यावरून गिऱ्हाईक ठरते, पैसे फिरतात आणि माल कुठल्या खांबामागे ठेवला त्याचे छायाचित्र पोचते. औद्योगिक वसाहतींची रांग असलेल्या या जिल्ह्यात असा गाळा उघडायला किनाऱ्याकडे पाहण्याचीही गरज उरलेली नाही. समुद्राकडे डोळे लावून बसलेल्या सगळ्या दुर्बिणी या मालासाठी निरुपयोगी आहेत. इथे उपयोगी पडेल तो रसायनांच्या खरेदी-विक्रीचा काटेकोर हिशेब, आणि बंद गाळ्यातून येणाऱ्या वासाबद्दल तक्रार करण्याइतपत भरवसा वाटणारा शेजारी. अशा पदार्थाच्या निर्मात्यावर कायद्याचा पूर्ण जोर लागायलाच हवा, आणि तो लागावा म्हणूनच चिलीम ओढणाऱ्या खलाशावर तो खर्च होता कामा नये. पोलीस, न्यायालये आणि प्रयोगशाळा यांचा वेळ मोजका आहे. तो कोणावर घालवायचा हेच खरे धोरण, बाकीच्या घोषणा.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ग्रामसभा वर्षातून चार वेळा तरी ठरलेल्या असतात. दारूच्या दुकानाचा ठराव तिथे मांडता येतो, तसा व्यसनमुक्तीच्या सरकारी खाटांचाही येतो: अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापुरते न थांबता श्रीवर्धन आणि उरणलाही उपचारांची सोय हवी, आणि जिल्हा नियोजन समितीने ड्रोनसाठी पैसा ठेवताना तिच्यासाठीही तो ठेवावा, असे लेखी मागता येते. पुढच्या सभेला जाणाऱ्या वाचकाने हा ठराव खुशाल मांडावा.